इंजिन उघडताना मालक कुठे असतो?

वॉरंटीत असलेल्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडले आणि ती टो करून सर्व्हिस सेंटरमध्ये आणली, की दुरुस्तीला हात लागण्याआधी मालकापुढे एक कागद येतो. इंजिन उघडल्याशिवाय दोष कळणार नाही. उघडल्यावर तो वॉरंटीत बसत नाही असे आढळले, तर उघडण्याची आणि पुन्हा जोडण्याची मजुरी ग्राहकाला द्यावी लागेल. आणि वॉरंटीबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. सही केली नाही तर इंजिन उघडले जात नाही आणि गाडी आवारात उभी राहते. सही केली, तर ज्या कंपनीला दुरुस्तीचा खर्च सोसावा लागणार आहे तिच्याच माणसांच्या हाती आपण तपासणी, पुरावा आणि निकाल या तिन्ही गोष्टी सोपवलेल्या असतात. वॉरंटीच्या वादांवर बोलताना आपण बहुधा गाडीच्या गुणवत्तेवर, सर्व्हिस सेंटरमधल्या वागणुकीवर किंवा बिलाच्या आकड्यावर बोलतो. माझ्या मते खरा प्रश्न त्या कागदात आहे. वॉरंटीच्या काळात इंजिन का बिघडले हे सिद्ध करण्याचे ओझे कोणाचे, आणि ते सिद्ध करायला लागणारा पुरावा कोणाच्या ताब्यात राहतो?

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेईपर्यंत इंजिनातून खडखडाट सुरू झाला आणि काही क्षणांत ते बंद पडले. पुन्हा चालू झाले नाही. गाडी दोन वर्षे चार महिन्यांची होती, ओडोमीटरवर छत्तीस हजारांच्या आसपास किलोमीटर होते आणि वॉरंटी तीन वर्षांची होती. नऊ दिवसांनी सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन आला. बेअरिंग जळाले आहे, क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, खराब झाला आहे, ऑइलमध्ये गाळ सापडला आहे, आणि त्याचे कारण वेळेवर सर्व्हिसिंग न करणे हे आहे, असे त्यांनी सांगितले. इस्टिमेट दोन लाख सत्तर हजारांचे होते. माझे दुसरे सर्व्हिसिंग चाळीस दिवस उशिरा झाले होते, हे खरे आहे. ते त्यांच्याच केंद्रात झाले होते आणि त्या वेळी कोणी काही बोलले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. मी ते गाळ असलेले ऑइल पाहायला मागितले. ते केव्हाच काढून टाकले होते. मी बेअरिंग मागितले. ते कंपनीकडे पाठवले होते.

दीड महिन्यानंतर कंपनीने ‘गुडविल’ म्हणून निम्मा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. त्यासाठी आणखी एका कागदावर सही करायची होती: ही सवलत केवळ सद्भावनेपोटी दिली जात आहे, तिने कंपनी कोणताही दोष मान्य करत नाही आणि यापुढे याविषयी ग्राहकाची कोणतीही तक्रार राहणार नाही. घरात दुसरी गाडी नव्हती, बँकेचा हप्ता दर महिन्याला जात होता. मी सही केली. त्या इंजिनाच्या बाबतीत माझी चूक होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही, आणि आता ते कधीच कळणार नाही, कारण ज्या दोन वस्तूंवरून ते कळले असते त्या मला एकदाही दाखवल्या गेल्या नाहीत.

हे कळणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते, म्हणूनच त्याविषयी इतके लिहावेसे वाटते. क्रँकशाफ्ट आणि त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये बेअरिंगचे पातळ कवच असते आणि क्रँक व बेअरिंग यांच्यामध्ये दाबाखाली सोडलेल्या ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. चालू इंजिनात क्रँक त्या थरावर तरंगत फिरत असतो. थर तुटला, की धातू धातूला घासतो, उष्णता वाढते, बेअरिंग वितळू लागते आणि इंजिन सीज होते, म्हणजे जाम होऊन थांबते. पण थर तुटण्याची कारणे अनेक असतात. ऑइल कमी असू शकते किंवा फार जुने झालेले असू शकते. तो मालकाचा निष्काळजीपणा होय. ऑइल पंप निकामी झालेला असू शकतो, पंपाची जाळी तुंबलेली असू शकते, क्रँकमधील ऑइलच्या बारीक वाटांमध्ये कारखान्यात यंत्रण करताना उरलेला धातूचा कीस अडकलेला असू शकतो. तो कंपनीचा दोष होय. गेल्याच सर्व्हिसिंगला चुकीच्या दर्जाचे ऑइल भरले गेले असू शकते. तो सर्व्हिस सेंटरचा दोष होय. आणि या सर्वांचा शेवट त्याच एका काळ्या पडलेल्या बेअरिंगमध्ये होतो. ते बेअरिंग पाहून कोणताही अनुभवी मेकॅनिक ‘ऑइल पोचले नाही’ एवढे सांगेल. ते का पोचले नाही, हे सांगण्यासाठी ऑइलच्या नमुन्याचे प्रयोगशाळेत पृथक्करण करावे लागते, फिल्टर कापून आतला कागद पाहावा लागतो, पंप आणि ऑइलच्या वाटा तपासाव्या लागतात आणि इसीयूमध्ये, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात, साठलेल्या नोंदी वाचाव्या लागतात. यांतले पहिले दोन पुरावे इंजिन उघडण्याच्या पहिल्याच तासात कचऱ्यात जाऊ शकतात, आणि शेवटचा पुरावा वाचण्याची पूर्ण साधने कंपनीकडेच असतात.

डिझेल गाड्यांत हा गुंता आणखी वाढला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी जाळण्यासाठी अनेक इंजिने सिलिंडरमध्ये थोडे जादा डिझेल सोडतात, आणि हे काम नीट पूर्ण व्हायला गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. ठाण्याहून अंधेरीला रोज रांगेतून सरकत जाणाऱ्या गाडीला तशी संधी मिळत नाही. प्रक्रिया अर्धवट राहते, न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. अशा गाडीचे बेअरिंग गेले, तर शहरात गाडी चालवणे हा ‘गैरवापर’ ठरतो का? शहरात राहणाऱ्यालाच ती गाडी विकली गेली होती.

दोष कारखान्यातला असूनही तो वर्षानुवर्षे एकेका मालकाचे दुर्दैव म्हणून कसा राहू शकतो, याचे चांगले नोंदलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. ह्युंदाईच्या ‘थीटा-२’ इंजिनात क्रँकशाफ्टच्या यंत्रणानंतर उरलेल्या धातूच्या कणांमुळे ऑइलच्या वाटा अडत आणि बेअरिंगे जळत. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने तिथे सुमारे ४ लाख ७० हजार गाड्या परत बोलावल्या. दोषाची व्याप्ती त्याहून बरीच मोठी आहे, हे तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेपुढे मांडले ते किम ग्वांग-हो या कंपनीच्याच अभियंत्याने, २०१६ मध्ये, आपल्या नोकरीवर पाणी सोडून. २०१७ मध्ये आणखी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया या दोन कंपन्यांनी मिळून २१ कोटी डॉलरचा दंड आणि इतर अटी मान्य केल्या, आणि पुढच्या वर्षी किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. मला मात्र यांतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा मालकांच्या सामूहिक दाव्यातील तडजोडीची एक अट अधिक महत्त्वाची वाटते. त्या इंजिनांच्या बेअरिंगला आजीवन वॉरंटी मिळाली आणि ती नाकारायची असेल, तर मालकाकडून साधा उशीर नव्हे, तर अपवादात्मक दुर्लक्ष झालेले असावे लागते. म्हणजे ‘सर्व्हिसिंगला उशीर झाला’ हे एक वाक्य तिथे पुरेसे राहिले नाही. ते वाक्य आणि जळालेले बेअरिंग यांचा कार्यकारणसंबंध दाखवण्याची गरज निर्माण झाली.

आपल्याकडे हाच संबंध दाखवण्याची सक्ती कोणावर नाही. याउलट कारणांची विभागणी अशी झाली आहे, की मालक दोन्हीकडून बाहेर पडतो. महाराष्ट्रात याची ओळख पावसाळ्याने करून दिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाण्यात बुडालेली गाडी सुरू करू नये, हा धडा त्यानंतर पुष्कळ जणांना मिळाला. सिलिंडरमध्ये पाणी गेले, तर ते दाबले जात नाही. पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इथे कंपनी म्हणते की हा बाहेरचा आघात आहे, विम्याकडे जा. विमा कंपनी म्हणते की पाण्यात गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले हे परिणामजन्य नुकसान आहे, आणि इंजिन संरक्षणाचा वेगळा हप्ता भरलेला नसेल तर ते पॉलिसीत येत नाही. ज्या गाडीत पाणी गेलेच नव्हते पण पावसाळ्यात इंजिन बंद पडले, तिच्यावरही याच संशयाची सावली पडते. अर्थात विम्याच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. मोठ्या नुकसानीचा अंदाज घेण्यासाठी परवानाधारक सर्व्हेअर नेमण्याची तरतूद १९३८ च्या विमा कायद्यातच आहे. त्याची नेमणूक विमा कंपनी करते, म्हणून त्याच्याविषयीही तक्रारी असतात. तरीही त्याला परवाना असतो, त्याच्यावर नियामक असतो आणि त्याचा लेखी अहवाल पुढे वादात मागता येतो. वॉरंटीच्या दाव्यात इतकीही त्रयस्थ व्यक्ती नाही.

इंधनाचे उदाहरण ताजे आहे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या मालक-पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल वापरावे असे लिहिलेले आहे, आणि २०२५ पर्यंत देशभरातील पंपांवर प्रामुख्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोलच मिळू लागले. जुन्या गाड्यांसाठी पर्याय ठेवावा, ही मागणी करणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. या पेट्रोलने इंजिने बिघडतात असा माझा दावा नाही. तो वाद तज्ज्ञांनी पुराव्यांनिशी सोडवावा. माझे म्हणणे एवढेच आहे, की पुस्तिकेत एक इंधन लिहिलेले असेल, पंपावर दुसरेच मिळत असेल, आणि ‘अयोग्य इंधन’ हे वॉरंटी नाकारण्याच्या अटींपैकी एक असेल, तर त्या गाडीच्या मालकाने नेमके काय करायचे होते? जी निवड त्याच्या हातातच नव्हती, तिचा दोष त्याच्या माथी येऊ नये, एवढी तरी स्पष्ट लेखी हमी त्याला मिळायला हवी.

आता कायद्याकडे वळू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि ‘उत्पादन दायित्व’ हे त्यातले नवे प्रकरण ग्राहकांसाठी मोठे शस्त्र म्हणून गाजले. पण त्या प्रकरणासाठी ‘हानी’ची व्याख्या करताना कायद्याने खुद्द त्या उत्पादनाचे झालेले नुकसान आणि वॉरंटीच्या अटींचा भंग झाल्याने झालेले नुकसान वगळले आहे. ब्रेक निकामी होऊन माणूस जखमी झाला तर उत्पादन दायित्व आहे. इंजिन सीज झाले आणि मालक सुखरूप घाटात उभा राहिला तर नाही. त्याच्यासाठी उरतो तो ‘सदोष वस्तू’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ यांचा जुनाच मार्ग. या मार्गावरही सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात असे स्पष्ट केले, की वॉरंटीनुसार कंपनीचे कर्तव्य सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचे आहे, संपूर्ण गाडी बदलून देण्याचे नाही. हे समजण्यासारखे आहे. अडचण त्याच्या आधीच येते: भाग सदोष होता, हे दाखवायचे कोणी?

कायद्याचे उत्तर कलम ३८ मध्ये आहे. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर ग्राहक आयोग वस्तूचा नमुना घेतो, सील करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराकडून भरून घेता येते. ही तरतूद वाचताना डोळ्यांपुढे तेलाचा डबा, मसाल्याचे पाकीट किंवा मिक्सर येतो. जे इंजिन विरुद्ध पक्षाने आधीच उघडले आहे, ज्याचे ऑइल काढून टाकले आहे आणि ज्याचे भाग बाहेरगावी पाठवले आहेत, त्याचा नमुना कसा सील करायचा? अशा वेळी तक्रारदाराकडे तज्ज्ञाचा अहवाल नसतो, आणि तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून उत्पादनदोष सिद्ध झाला नाही, या कारणाने तक्रारी फेटाळल्या जातात किंवा नाममात्र भरपाईवर संपतात. कायद्याने चाचणी नसलेल्या तक्रारीसाठी तीन आणि चाचणीच्या तक्रारीसाठी पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवली आहे. पाच महिने गाडी आवारात उभी राहिली, तर काही ठिकाणी रोजचे पार्किंग शुल्क मागितले जाते, बॅटरी उतरते, टायर बसतात. खरोखरचा निकाल तर पुष्कळदा पाच महिन्यांत लागत नाही. ज्याने कर्ज काढून टूरिस्ट टॅक्सी घेतली आहे, त्याला इतके थांबणे परवडतच नाही. कायद्याच्या स्पष्टीकरणानुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणारा असा माणूस ग्राहकच असतो, पण हप्ता आणि घरखर्च यांच्यापुढे तो हक्क त्याच्या काही कामी येत नाही.

तक्रार कोणाविरुद्ध करायची, हाही प्रश्न सोपा नाही. सर्व्हिस सेंटर म्हणते, वॉरंटीचा निर्णय कंपनी घेते, आमच्या हातात काही नाही. कंपनी म्हणते, विक्रेता हा स्वतंत्र व्यावसायिक आहे. हे दुसरे म्हणणे पोकळ नाही. गोव्यातील एका ग्राहकाला नवी म्हणून जुन्या वर्षाची, आधी चालवलेली गाडी दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विक्रेत्याच्या कृत्याची जबाबदारी उत्पादक कंपनीवर टाकण्यास नकार दिला, कारण दोघांचे नाते दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे होते आणि कंपनीला त्या कृत्याची माहिती होती हे सिद्ध झाले नव्हते. सर्व्हिस सेंटरने चुकीचे ऑइल भरले असेल तर कंपनी त्यातून बाहेर, आणि कारखान्यात दोष राहिला असेल तर सर्व्हिस सेंटर बाहेर. कोणता दोष होता हे ठरवणारे मात्र हे दोघेच. म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करावे आणि दोघांवरील आरोप वेगवेगळे लिहावेत, हे वकिलाकडे जाण्यापूर्वीच प्रत्येक मालकाला माहीत असायला हवे.

कंपन्यांची बाजू मी नाकारत नाही. लाल दिवा लागल्यावरही पुढच्या पंपापर्यंत गाडी दामटणारे लोक असतात. सर्व्हिसिंग चुकवणारे, ओडोमीटर मागे फिरवणारे, इसीयूमध्ये फेरफार करून ताकद वाढवून घेणारे आणि मग इंजिन बसले की वॉरंटी मागणारे लोकही असतात, आणि त्यांचा खर्च शेवटी प्रामाणिक ग्राहकाच्या किमतीत मिसळतो. पण ही यादी नीट पाहिली, तर तिच्यातल्या बहुतेक गोष्टींचा माग कंपनीला काढता येतो. दिवा केव्हा लागला आणि त्यानंतर इंजिन किती वेळ चालले, सॉफ्टवेअर बदलले होते का, याच्या खुणा आधुनिक गाडीच्या इसीयूमध्ये राहू शकतात; सर्व्हिसिंगच्या तारखा तर कंपनीच्याच संगणकात असतात. मालकाकडे काय असते? काही बिले आणि त्याची स्वतःची आठवण. ज्याच्या विशेष माहितीत एखादी गोष्ट असते, ती सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर असते, हे तत्त्व जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होते आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ते वॉरंटीला लावले, तर प्रामाणिक कंपनीचे काहीही बिघडत नाही. तिने मालकाचा निष्काळजीपणा दाखवावा आणि दावा नाकारावा.

युरोपीय संघाने हे ओझे उघडपणे बदलले आहे. १ जानेवारी २०२२ पासून तिथे लागू झालेल्या नियमांनुसार वस्तू हाती आल्यापासून एक वर्षाच्या आत दिसलेला दोष मुळातच होता असे धरले जाते, आणि तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते; सदस्य देशांना ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभा आहे. आपल्याकडेही याच्या जवळ जाणारा विचार एकदा झाला होता. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोचू देत नव्हत्या. त्याच आदेशात आयोगाने असेही म्हटले, की बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्या कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे अपिले झाली आणि लोकांच्या लक्षात केवळ दंडाचा आकडा राहिला. मला वाटते, त्या आदेशातला खरा मौल्यवान भाग हा कार्यकारणाचा आग्रह होता. चाळीस दिवसांच्या उशिराने नेमके किती नुकसान झाले, हे मला कोणी सांगितले नाही. उशीर झाला, एवढ्यावर निम्मे इंजिन माझ्या नावे लिहिले गेले.

आणि ‘गुडविल’ने यावर पडदा टाकला. या शब्दाविषयी मला गंभीर आक्षेप आहे. मालकाला त्यातून दिलासा मिळतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्या वेळी तो घेणाऱ्या कोणालाही मी दोष देणार नाही. पण समाजाला त्याची जी किंमत मोजावी लागते ती कोणाला दिसत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले, आणि १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपर्यंतच्या सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याचे नियम लागू झाले. ही सक्ती ज्या गोष्टींवरून होते, त्यांतली एक म्हणजे एका प्रकारच्या गाड्यांविषयी आलेल्या तक्रारींचे विक्रीशी प्रमाण. गुडविलच्या कागदावर सही करणारा माणूस तक्रार करत नाही. त्याने तसे लिहूनच दिलेले असते. त्याच इंजिनाने नाशिकला एक, कोल्हापूरला दुसरा आणि पणजीला तिसरा माणूस अडला असेल, तर तिघांनाही आपला प्रसंग एकटा वाटतो, तिघेही निम्मे पैसे भरतात आणि सरकारच्या नोंदीत तीन शून्ये राहतात. भर रस्त्यात इंजिन बंद पडणे हा मागून येणाऱ्या ट्रकसमोर उभे राहण्याचा प्रसंग असतो. कलम ११०अ मध्ये चालक, प्रवासी आणि रस्त्यावरील इतरांना इजा पोचवू शकणाऱ्या दोषाचा उल्लेख आहे, तो अशांसाठीच. म्हणून वॉरंटीत किंवा गुडविलवर बदललेल्या प्रत्येक इंजिनाची संख्या, मॉडेल आणि किलोमीटर यांसह, परिवहन मंत्रालयाला कळवणे कंपन्यांवर बंधनकारक असले पाहिजे, आणि तक्रार न करण्याची अट असलेला गुडविलचा करार त्या नोंदीपुरता निरर्थक ठरला पाहिजे. मालकांनीही सही करण्यापूर्वी परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर आपली तक्रार नोंदवावी; पैसे नंतरही घेता येतात.

राष्ट्रीय पातळीवर ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली आणि त्यात मोटारगाड्यांचाही समावेश केला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टलही सुरू झाले. सुटे भाग आणि पुस्तिका मिळणे महत्त्वाचेच आहे. परंतु दुरुस्तीच्या हक्काआधी कारण जाणून घेण्याचा हक्क येतो. त्यासाठी माझी मागणी फार मोठी नाही. इंजिन उघडण्यापूर्वी ऑइलचा नमुना दोन बाटल्यांत घेऊन सील व्हावा आणि एक बाटली मालकाकडे राहावी. जुना फिल्टर आणि बिघडलेले भाग वाद मिटेपर्यंत सर्व्हिस सेंटरच्या बाहेर जाऊ नयेत. इसीयूमधील नोंदींची प्रत उघडण्यापूर्वीच मालकाला मिळावी. नकार द्यायचा असेल, तर तो लेखी असावा आणि त्यात नियमाचे कलम देण्याऐवजी भौतिक कारण लिहिलेले असावे. आणि वॉरंटीच्या संपूर्ण काळात, याउलट सिद्ध होईपर्यंत, दोष मुळातला मानला जावा.

यांतल्या शेवटच्या मागणीसाठी कायदा बदलावा लागेल, आणि त्याला वेळ लागेल. परंतु त्रयस्थ परीक्षकासाठी तेवढे थांबण्याचे कारण नाही. ‘योग्य प्रयोगशाळा’ या संज्ञेत केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या अधीन राहून राज्य सरकारने मान्यता दिलेली प्रयोगशाळाही येते. महाराष्ट्राइतकी यासाठी सोयीची जागा देशात क्वचितच असेल. पुण्याला एआरएआय ही वाहन संशोधन व चाचणी संस्था आहे, भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे. पुण्याचे सीओईपी, माटुंग्याचे व्हीजेटीआय, कऱ्हाड, छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये हयात घालवलेले निवृत्त अभियंते आणि मेकॅनिक आहेत, ज्यांनी जळालेली बेअरिंगे हाताळली आहेत आणि ज्यांचा कोणत्याही मोटार कंपनीच्या विक्रीशी संबंध नाही. राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाने अशा संस्थांना मान्यता देऊन प्रत्येक महसुली विभागासाठी परीक्षकांची यादी करावी आणि तपासणीचे शुल्क ठरवून द्यावे. ते आधी कंपनीने भरावे आणि दोष मालकाचा निघाला तर त्याच्याकडून वसूल करावे. मग सर्व्हिस सेंटरच्या त्या कागदावर मालक सही करतो त्याच्या वर एक ओळ वाढवता येईल: इंजिन मालकाच्या आणि मान्यताप्राप्त परीक्षकाच्या उपस्थितीत उघडले जाईल.